अव्यक्ताला रंग देणारे भास्कराचार्य

भास्कराचार्यांचे नाव काढले की आपल्याकडे दहापैकी नऊ जणांना लीलावतीची गोष्ट आठवते. मुलीच्या पत्रिकेत वैधव्ययोग होता, तो टाळण्यासाठी पित्याने विवाहाचा अचूक मुहूर्त काढला, घटिकापात्र पाण्यात सोडले, आणि ते पाहण्यासाठी वाकलेल्या लीलावतीच्या दागिन्यातील एक मोती पात्रात पडून त्याचे छिद्र बुजले. मुहूर्त टळून गेला. मग दुःखी पित्याने मुलीच्या नावाने ग्रंथ लिहिला. गोष्ट मोठी हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. पण ती प्रथम आढळते अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली केलेल्या लीलावतीच्या फार्सी भाषांतरात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. भास्कराचार्यांनी स्वतः ती कोठेही सांगितलेली नाही. त्यांच्या नातवाने आपल्या घराण्याची हकीकत दगडावर कोरवून ठेवली आहे, तिच्यातही ती नाही. मला वाटते, या एका मोत्याने घटिकापात्राचेच नव्हे तर भास्कराचार्यांच्या खऱ्या चरित्राचेही छिद्र बुजवून टाकले आहे. कारण गोष्ट सांगून झाली की पुढे विचारावे असे कोणाला वाटत नाही.

वस्तुतः आपण सर्वजण भास्कराचार्यांना भेटलो आहोत, आणि तेही लीलावतीत नव्हे, तर दहावीच्या बीजगणितात. दोन चलांतील एकसामयिक समीकरणे आठवतात ना? कला शाखेकडे वळलेल्या आपल्यापैकी कित्येकांना ती आठवू नयेत असेच वाटत असेल! एक समीकरण वर, एक खाली, एका चलाचे सहगुणक समान करायचे, वजाबाकी करून ते चल घालवायचे. हा प्रकार भास्कराचार्यांच्या ग्रंथात आठशे सत्तर वर्षांपूर्वी सविस्तर मांडलेला आहे. तो त्यांनी कसा मांडला हे पाहिले म्हणजे त्यांच्या स्वभावाची जी ओळख पटते, ती दंतकथेवरून पटत नाही.

आपल्या जन्माविषयी त्यांनी गोलाध्यायाच्या शेवटी थोडक्यात पण नेमके लिहून ठेवले आहे. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ किंवा इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. राहण्याचे ठिकाण सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले, विद्वानांनी गजबजलेले विज्जडविड नावाचे नगर. हे नगर नेमके कोणते यावर अभ्यासकांत वाद झाले. कोणी विजापूर म्हटले, कोणी बीड म्हटले, तर बऱ्याच जणांचा कल जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ असलेल्या पाटणकडे आहे. पाटणादेवीचे स्थान म्हणून आज ते प्रसिद्ध आहे आणि गौताळ्याच्या जंगलाने वेढलेले आहे. आंबोली आणि फोंडा घाटांत आपल्या डोक्यावर उभा असलेला सह्याद्री तो तसाच उत्तरेकडे जात जात त्या बाजूला पोहोचतो, एवढे नाते तरी आपण सांगू शकतो.

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्यात अंकगणित आणि क्षेत्रमापन, शेवटच्या दोघांत ग्रहांची गती आणि खगोल. मधले बीजगणित हे आपल्या कामाचे. अंकगणिताला ते व्यक्त गणित म्हणतात, कारण त्यात संख्या समोर दिसत असतात. बीजगणित ते अव्यक्त गणित, कारण त्यात काही संख्या लपलेल्या असतात. अव्यक्त हा शब्द आपल्याला वेदान्ताच्या तासाला भेटणारा. तो इथे घोड्याच्या किमतीला लावलेला पाहून मला मोठी गंमत वाटली.

या लपलेल्या संख्यांना नावे काय द्यायची? आपण क्ष आणि य म्हणतो, इंग्रजी माध्यमातील मुले एक्स आणि वाय म्हणतात. अज्ञात संख्यांसाठी वर्णमालेच्या शेवटची अक्षरे वापरण्याची ही रीत फ्रान्सच्या देकार्तच्या १६३७ सालच्या ग्रंथापासून रूढ झाली. भास्कराचार्यांच्या परंपरेत पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणत, म्हणजे जेवढे असेल तेवढे. अज्ञाते एकापेक्षा अधिक असली की पुढच्यांना रंगांची नावे. कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा, पीतक म्हणजे पिवळा, लोहितक म्हणजे तांबडा, आणि असेच पुढे हिरवा, पांढरा वगैरे. लिहिताना फक्त पहिले अक्षर : या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येला रूप म्हणत आणि तिच्यापुढे रू लिहीत. संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब. समीकरणाच्या दोन बाजू शेजारी न लिहिता एकीखाली एक लिहीत, आणि एखादा रंग एका बाजूला नसेल तर त्याच्या जागी शून्य मांडत, म्हणजे रंगाखाली रंग बरोबर येई. बरोबरीचे चिन्ह नव्हतेच. ते इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली काढले. वर्ण या शब्दाचे रंग आणि अक्षर हे दोन्ही अर्थ इथे एकदम कामाला लागतात. म्हणूनच एका अज्ञाताच्या समीकरणाला एकवर्ण आणि अनेक अज्ञातांच्या समीकरणांना अनेकवर्ण असे नाव आहे.

आता या अनेकवर्णातली मूळ युक्ती केवढी साधी आहे ते पाहा. समजा, मालवणच्या बाजारात एका वाट्यात एक सुरमई आणि चार बांगडे आहेत, किंमत ५०० रुपये. दुसऱ्या वाट्यात तेवढीच एक सुरमई आणि दहा बांगडे, किंमत ६२० रुपये. मासे विकायला बसलेली बाई कागद-पेन्सिल न घेता सांगेल की जास्तीच्या सहा बांगड्यांचे १२० झाले, म्हणजे बांगडा २० रुपयांना आणि सुरमई ४२० ला. तिने सुरमईवर सुरमई ठेवून ती हिशेबातून उडवली. एका रंगावर तोच रंग ठेवून तो उडवायचा, हेच एकसामयिक समीकरणांचे सारे रहस्य. फरक एवढाच, की सुरमया दोन्हीकडे सारख्या नसतील तर आधी त्या सारख्या करून घ्याव्या लागतात.

भास्कराचार्यांच्या उदाहरणांत सुरमई अर्थातच नाही. तिथे घोडे, माणके, कबुतरे, हंस आणि मोर आहेत. त्यांतले दोन मित्रांचे एक उदाहरण मला फार आवडते. एक जण दुसऱ्याला सांगतो की तू मला शंभर दिलेस तर मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो की तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. दोघांजवळ मुळात किती धन? आपण इथे मुकाट्याने क्ष आणि य घेऊ, दोन समीकरणे मांडू आणि अर्धे पान भरू. भास्कराचार्य एकच अज्ञात घेतात. पहिल्याचे धन यावत्तावत्‌ची दुप्पट उणे शंभर आणि दुसऱ्याचे यावत्तावत् अधिक शंभर, असे मानले की पहिली अट आपोआप पुरी होते. दुसऱ्याने शंभर दिले की त्याच्याकडे यावत्तावत् उरते आणि पहिल्याकडे बरोबर त्याची दुप्पट होते. आता राहिली दुसरी अट. तिच्यावरून यावत्तावत् अधिक ११० हे बारा यावत्तावत् उणे ६६० एवढे येते. म्हणजे अकरा यावत्तावत् बरोबर ७७०, आणि एकाचे मूल्य ७०. पहिल्याजवळ ४०, दुसऱ्याजवळ १७०. वाचकांनी पडताळा घ्यावा. शंभर दिले की १४० आणि ७०, दहा दिले की ३० आणि १८०.

भास्कराचार्यांचे एक मत इथे ध्यानात येते. त्यांच्या लेखी बीजगणित म्हणजे मुळात बुद्धीच. रंग आणि अक्षरे ही तिची केवळ सोबत, आणि तीही मुख्यतः मंद बुद्धीच्या शिष्यांना उमज पडावा म्हणून. दोन अज्ञाते दिसली की दोन रंग घेतलेच पाहिजेत असा त्यांचा आग्रह नाही. एका रंगात भागत असेल तर भागवावे.

पण जिथे भागत नाही तिथे ते रीत पुरती मांडून देतात. चार व्यापाऱ्यांचे उदाहरण घ्या. चौघांकडे घोडे अनुक्रमे ५, ३, ६ आणि ८ आहेत. उंट २, ७, ४ आणि १. खेचरे ८, २, १ आणि ३. बैल ७, १, २ आणि १. चौघांची मालमत्ता सारखी आहे, तर प्रत्येक जनावराची किंमत काय? घोडा यावत्तावत्, उंट कालक, खेचर नीलक आणि बैल पीतक. पहिल्या दोघांची संपत्ती समान मांडून घोडे एका बाजूला काढले तर दोन घोडे म्हणजे पाच उंट उणे सहा खेचरे उणे सहा बैल. दुसऱ्या-तिसऱ्यावरून तीन घोडे म्हणजे तीन उंट अधिक एक खेचर उणे एक बैल. तिसऱ्या-चौथ्यावरून दोन घोडे म्हणजे तीन उंट उणे दोन खेचरे अधिक एक बैल. एकाच घोड्याच्या या तीन किमती झाल्या. अशा किमतीला ते उन्मिती म्हणतात. तीनही उन्मिती एकाच घोड्याच्या असल्यामुळे आपापसांत समान, म्हणून त्या एकमेकींशी ताडल्या की घोडा हिशेबातून निघून जातो. पहिली आणि तिसरी ताडून दोन उंट म्हणजे चार खेचरे अधिक सात बैल असे मिळते, तर दुसरी आणि तिसरी ताडून तीन उंट म्हणजे आठ खेचरे उणे पाच बैल. आता उंटाच्या दोन उन्मिती ताडा. उंटही गेला. उरले ते इतकेच की चार खेचरे बरोबर एकतीस बैल.

इथे समीकरणे संपतात, पण अज्ञाते दोन उरतात. आपल्या पाठ्यपुस्तकातील विद्यार्थी इथे पेन खाली ठेवील. भास्कराचार्य कुट्टक नावाची रीत घेतात, जी अशा उरलेल्या संबंधातून पूर्णांक उत्तरे काढते. बैल ४ आणि खेचर ३१. मागे जात जात उंट ७६ आणि घोडा ८५. प्रत्येक व्यापाऱ्याची मालमत्ता ८५३ भरते. मी चारही बेरजा करून पाहिल्या. या किमतींची दुप्पट, तिप्पट केली तरी उत्तर बरोबरच राहते. ही त्यांपैकी सर्वांत लहान.

आपल्याकडे अशा वेळी एक मोह होतो, तो टाळलेला बरा. एकसामयिक समीकरणे जगात प्रथम भास्कराचार्यांनी सोडवली असे मुळीच नाही. चीनमधील नऊ प्रकरणांच्या प्राचीन गणितग्रंथात त्यांच्या हजार वर्षे आधी अशी उदाहरणे पट्टीवर काड्या मांडून सोडवलेली आहेत. भारतातही ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये अनेक वर्णांची रीत दिली होती. भास्कराचार्यांनी हे लपवले नाही. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांचे बीजगणिताचे ग्रंथ फार विस्तृत असल्यामुळे त्यांतील सार शिष्यांच्या समाधानासाठी काढले, असे ते ग्रंथाच्या शेवटी मोकळेपणाने नमूद करतात. त्यांची थोरवी निराळीच आहे. ते शिक्षक होते. उदाहरण देताना ते कधी मित्राला हाक मारतात, कधी गणक म्हणून आव्हान देतात, लीलावतीत तर एखाद्या मुलीला कौतुकाने विचारतात. नियम दोन ओळींत सांगून ते थांबत नाहीत. स्वतःच्या श्लोकांवर स्वतःच गद्यात स्पष्टीकरण लिहितात, आणि त्यात या अमुक, का तमुक अशी मांडणी करून दाखवतात. फळ्यावर एकही पायरी न गाळणारे शिक्षक ज्यांना लाभले त्यांना याचे मोल कळेल.

सिद्धान्तशिरोमणीनंतर तेहतीस वर्षांनी, शके ११०५ म्हणजे इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल लिहिले. ग्रहांची स्थाने सोप्या आकडेमोडीने काढता यावीत म्हणून केलेला हा पंचांगकर्त्यांच्या उपयोगाचा ग्रंथ. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. त्या वयातही कठीण ते सोपे करण्याचाच उद्योग चालू होता.

त्यांचे ग्रंथ मात्र पुढे खूप हिंडले. आपल्या कोकणच्याच किनाऱ्यावर, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. शहाजहानच्या काळी, १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी याने बीजगणित फार्सीत नेले. हा ताजमहालाचा स्थपती उस्ताद अहमद याचा मुलगा, आणि पूर्वीच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, बिबी का मकबरा ही वास्तू त्याच्याच नावाशी जोडलेली आहे. त्या फार्सीवरून एडवर्ड स्ट्रेची याने १८१३ मध्ये इंग्रजी पुस्तक केले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने थेट संस्कृतवरून भाषांतर लंडनमध्ये छापले. म्हणजे यावत्तावत् आणि कालक आधी आग्र्याला गेले आणि मग लंडनला.

घराण्याची हकीकत उजेडात आणली ती डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. गोव्यात जन्मलेले हे वैद्य मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. आपल्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८३४ पासून तिथे गणित शिकवीत होते. भाऊ दाजींनी पाटणच्या देवळातील शिलालेख वाचला आणि १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याविषयी लिहिले. लेख शके ११२८ चा, म्हणजे १२०६-०७ च्या सुमाराचा. त्यात त्रिविक्रमापासून वंशावळ आहे. भास्कराचार्यांचे वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चंगदेव. लक्ष्मीधराची विद्वत्ता ऐकून यादव राजा जैत्रपाल याने त्याला याच गावातून आपल्याकडे नेले आणि पंडितांचा अग्रणी केले. चंगदेव हा पुढे सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. या चंगदेवाने आजोबांचे आणि त्यांच्या वंशातील इतरांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ स्थापन केला, आणि तिथल्या निकुंभवंशी सोइदेव राजाने त्या मठाला उत्पन्न लावून दिले. एका गणितज्ञाच्या पुस्तकांसाठी काढलेली शाळा! आजच्या भाषेत बोलायचे तर विशेष अभ्यासकेंद्र, अनुदानासह.

हे अनुदान कोठून आले हे सांगणारा भाग मला सबंध लेखात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वरचा मजकूर संस्कृतात आहे, पण मठाला कोणी काय द्यायचे हा शेवटचा तपशील जुन्या मराठीत कोरलेला आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरची पट्टी त्यात आहे. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांनी प्रत्येकी पळीभर तेल मठाला द्यायचे, असेही त्यात आहे. त्या तेलाच्या दिव्यापाशी बसून मुले कालकातून नीलक वजा करीत असतील असे चित्र डोळ्यांसमोर येते. पण घाण्यावर राबणाऱ्याचा मुलगा त्या मुलांत होता असे मानायला मला काही आधार सापडत नाही. वर्ण या शब्दाचा रंग आणि अक्षर याखेरीज तिसराही एक अर्थ आहे, आणि मठाच्या दारात तोच चालत होता. भास्कराचार्यांचा यात वैयक्तिक दोष काढण्यात अर्थ नाही. त्यांच्या काळाची रीत ती होती, आणि वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे विद्या जाण्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. तरीपण आपल्या वर्गात असे पुष्कळ आहेत की ज्यांच्या घरातून कॉलेजचा जिना चढणारे ते पहिलेच. कोणाचे वडील होडीवर जातात, कोणाचे दुसऱ्याच्या कलमांच्या बागेत राखणीला असतात. त्यांनी हा शिलालेख वाचताना पंडितांच्या वंशावळीपाशी थांबून चालणार नाही. आपले नाव असलेच तर त्या पळीभर तेलाच्या ओळीत आहे.

भाऊ दाजींनंतर भास्कराचार्यांचा मराठीत पद्धतशीर परिचय करून दिला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी. हेही कोकणचेच, दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा मोठा ग्रंथ १८९६ साली निघाला. घाणेवाल्यांनी तेल किती द्यावे हे पाटणच्या दगडावर मराठीत लिहिले गेले, त्याला तेव्हा जवळजवळ सातशे वर्षे झाली होती.